पोंपों ऐकून धावतो, मग हाक मारल्यावर का वळत नाही?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई नमस्कार. लिहू की नको करत शेवटी लिहितेच आहे. माझा मुलगा आता पावणेतीन वर्षांचा होईल. दीड वर्षाचा होता तेव्हा पाव, बाबा, काव काव असे थोडे शब्द बोलायचा, मग ते हळूहळू बंदच झाले. आता काही हवं असलं की माझा हात धरून ओढत नेतो आणि फ्रीजच्या दारावर ठेवतो, तोंडाकडे बघत पण नाही. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या भोंग्याचा पोंपों लांबून जरी ऐकू आला तरी धावत दारात जातो, पण मी चारदा नावाने हाक मारली तरी वळत नाही. डब्यांची झाकणं फिरवत बसतो ते तासन्तास. मोबाइलवरची एबीसीडी अख्खी म्हणतो पण मला आई म्हणून हाक मारत नाही. चवथीला सगळे घरी जमले होते, आरतीला झांजा वाजायला लागल्या तर कान धरून इतका रडला की मी त्याला घेऊन मागच्या खोलीत बसले. नवरा बोटीवर असतो. सासूबाई म्हणतात याचा बापूसही तीन वर्षांनंतरच बोलला, आमचे डॉक्टर म्हणाले तीन पूर्ण होऊ दे मग बघू, शेजारणी म्हणतात मोबाइलने होतं असं, कोणी म्हणतं घरात मराठी, बाहेर कोंकणी, मोबाइलवर इंग्लिश म्हणून पोर गोंधळलंय. देवाचा कौल लावणाऱ्या घाड्याकडेही जाऊन आलो. रात्री गूगलवर ऑटिझमबद्दल वाचते आणि झोप उडते. तेच आहे का हे? दाखवायचं कुणाला? आणि एकदा कागदावर नाव पडलं की शाळेत घेतील ना त्याला?
– एक आई, डिचोली

उत्तर: लिहिलंत ते फार बरं केलंत. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे की नाही हे पत्रावरून सांगता येत नाही आणि कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण थांबायचं की नाही हे मात्र पत्रावरून नक्की सांगता येतं. थांबू नका. आधी बोलत असलेले शब्द गेले, ही एकच गोष्ट पुरेशी आहे, मूल कुठल्याही वयाचं असो. आलेली भाषा गेली तर तीन पूर्ण होण्याची वाट बघायची नसते, लगेच दाखवायचं असतं. त्यात नावाला वळत नाही, नजर देत नाही आणि हाताला धरून नेतो पण बोटाने दाखवत नाही, हे सगळं जोडून बघितलं तर या महिन्यातच अपॉइंटमेंट घ्या असं मी म्हणेन.

सासूबाई खोटं बोलत नाहीयेत हो. उशिरा बोलणारी मुलं असतात, त्यातली बरीच पुढे छान बोलतात. पण त्यांना एक विचारून बघा, तुमचा मुलगा बोलत नव्हता तेव्हा कावळा दिसला की बोट दाखवून तुमच्याकडे बघायचा का, टाटा करायचा का, तुम्ही हसलात की हसायचा का, खोटाखोटा चहा करून प्यायला द्यायचा का? नुसतं बोलणं उशिरा येणारं मूल बहुतेक वेळा हे सगळं करतं, शब्द नसले तरी हातवाऱ्यांनी आणि डोळ्यांनी घर डोक्यावर घेतं. तुमच्या पत्रात मला काळजी वाटते ती याच गोष्टींमुळे, शब्दांमुळे कमी. साधारण वर्षभरात बोट दाखवणं, सोळा महिन्यांपर्यंत एकेक शब्द आणि दोन वर्षांपर्यंत "पाणी दे" असे दोन शब्द जोडून बोलणं, हे ढोबळ टप्पे आहेत, एकदोन महिने इकडेतिकडे चालतं, वर्ष नाही.

आता तो पोंपों. पोंपों ऐकतो म्हणजे कान ठीक आहेत असं सगळे धरून चालतात आणि इथेच चूक होते. काही मुलांना जाड, मोठा आवाज ऐकू येतो पण बोलण्यातले स, श, फ, त असे बारीक उंच आवाज नीट येत नाहीत, त्यामुळे गाडी, भोंगा, मिक्सर सगळ्याला दचकतं ते मूल आणि हाकेला मात्र वळत नाही. म्हणून पहिली तपासणी कानाची. बेरा नावाची टेस्ट असते, डोक्याला छोट्या पट्ट्या लावून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघतात, दुखत नाही पण मूल झोपलेलं लागतं, लहानांना कधी झोपेचं औषध देतात. त्या दिवशी पहाटे उठवा आणि गाडीत झोपू देऊ नका, नाहीतर तिथे गेल्यावर टक्क जागा राहील आणि परत यावं लागेल. कान व्यवस्थित निघाले तरी रिपोर्ट जपून ठेवा, पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच आधी मागणार.

मग कुठे जायचं. तुम्हाला डिचोलीहून बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज सरळ पडेल, बालरोग विभागात सकाळी लवकर जा, कान-नाक-घसा विभागही तिथेच असल्याने दोन्ही कामं एका ठिकाणी होतात. त्यांना नुसतं "बोलत नाही" असं सांगू नका, "बोलत होता, ते गेलं" असं सांगा. हा फरक मोठा आहे, ओपीडीच्या गर्दीत पहिल्या वाक्यावर बरंच ठरतं. कधी तो एकटक शून्यात बघत राहतो का, अचानक झटके दिल्यासारखं करतो का, हेही सांगा, कारण शब्द गेले असतील आणि असलं काही दिसत असेल तर डॉक्टर मेंदूचा आलेख काढायला सांगू शकतात. सगळ्याच मुलांना एमआरआय वगैरे लागत नाही, उगाच कोणी लिहून दिलं तर कशासाठी ते विचारा.

त्याच परिसरात आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे. नाव काढलं की आपल्याकडे लोक आवाज खाली करतात, पण तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतात आणि मुलांच्या तपासणीला त्यांची गरज लागते, तेव्हा तिकडे चिठ्ठी दिली तर घाबरून परत फिरू नका. खासगीत पर्वरीला सेतू ही संस्था मुलांच्या विकासाच्याच कामासाठी आहे, तिथेही चौकशी करा, नंबर लागायला वेळ जाऊ शकतो म्हणून आजच फोन करा. आणि राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम म्हणून सरकारी योजना आहे, २०१३ पासूनची, तिच्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची विकासातली दिरंगाई ओळखणं येतं. अंगणवाडीत नाव घातलं असेल तर बाईंना विचारा टीम कधी येणार, नसेल घातलं तर घाला.

तुम्हाला डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या विकासाचा डॉक्टर) किंवा चाइल्ड सायकियाट्रिस्ट (मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ) भेटायला हवा, सोबत सायकॉलॉजिस्ट. स्पीच थेरपिस्ट (बोलायला शिकवणारे) आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं, हालचाली शिकवणारे) खूप कामाचे असतात, पण निदान त्यांनी एकट्याने द्यायचं नसतं. एखाद्या सेंटरमध्ये दहा मिनिटांत ऑटिझम म्हणून सांगितलं आणि लगेच वर्षभराचं पॅकेज समोर ठेवलं तर पर्स बंद ठेवा आणि बाहेर या.

तपासणीत काय होतं ते सांगते, कारण आई-बाबा तिथे परीक्षा असल्यासारखे घाबरून बसतात. ऑटिझम रक्तातून किंवा स्कॅनमधून कळत नाही. तो मुलाकडे बघून आणि आईशी बोलून कळतो. छोटी खोली, खाली चटई, चार खेळणी. डॉक्टर साबणाचे फुगे उडवतात, मूल खूश, मग बाटलीचं झाकण घट्ट लावून बाटली त्याच्या हातात देतात आणि गप्प बसतात. आता ते मूल काय करतं ते बघायचं असतं. कोणी बाटली पुढे करतं आणि डॉक्टरांच्या डोळ्यात बघतं, म्हणजे उघड ना. कोणी "हं हं" करून आईला दाखवतं. कोणी डॉक्टरांचा हात उचलून झाकणावर ठेवतं, तोंडाकडे न बघता, तुमच्या फ्रीजसारखं. कोणी बाटली सोडून झाकणच फिरवत बसतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल खेळ चाललाय, पण त्या दोन मिनिटांत खूप काही कळतं. त्यानंतर तुम्हाला प्रश्न विचारतात, ठरलेल्या प्रश्नावल्या असतात. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही वीस प्रश्नांची चाळणी असते, तुमचा मुलगा त्या वयाच्या जरा पुढे गेलाय, त्यामुळे बहुतेक आपल्याकडे बनवलेली आयएनडीटी वापरतील, ती दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आहे. किंवा इसा ही भारतीय मोजपट्टी, तिच्यात चाळीस मुद्दे असतात आणि सत्तर किंवा त्याहून जास्त गुण आले की ऑटिझम धरतात. एम-चॅटसारखी चाळणी म्हणजे निदान नव्हे, हे लक्षात असू द्या. एकाच भेटीत सगळं होईल असंही नाही. अनुभवी माणूस दोन वर्षांच्या आसपास बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो, तेव्हा "अजून लहान आहे" हे कारण पावणेतीनला चालत नाही.

नेताना मोबाइलवर व्हिडिओ घेऊन जा. घरात असतो तसा तो दवाखान्यात असणार नाही, एकतर रडेल नाहीतर नेमका त्याच दिवशी शहाण्यासारखा बसेल. जेवताना एक, झाकणं फिरवताना एक, दुसऱ्या मुलांसोबत एक आणि तुम्ही पाठीमागून हाक मारताय असा एक. दोन दोन मिनिटांचे पुरे. दीड वर्षाचा असताना बोलतोय असा एखादा जुना व्हिडिओ नवऱ्याच्या फोनमध्ये असेल तर तो आधी मागवून घ्या, सोन्याहून मोलाचा आहे. बाळंतपणाची फाइल आणि लसीकरणाचं कार्ड पण न्या. आणि एका कागदावर लिहा, शब्द साधारण कधी आले, कधी गेले, तेव्हा घरात काय चाललं होतं, तो आजारी होता का. डॉक्टरांसमोर डोकं रिकामं होतं, सगळ्यांचंच होतं. नवऱ्याला त्या वेळी व्हिडिओ कॉलवर घेता आलं तर घ्या, म्हणजे नंतर सगळं तुम्हाला एकटीला समजावून सांगत बसावं लागणार नाही आणि त्यालाही डॉक्टरांच्या तोंडून ऐकता येईल.

मोबाइलचं म्हणाल तर कमी करा, नक्की करा, स्क्रीनसमोर असताना कोणी त्याच्याशी बोलत नसतं हे तर खरंच. पण मोबाइलमुळे ऑटिझम झाला असं कोणी सिद्ध केलेलं नाही आणि ते व्हर्च्युअल ऑटिझम म्हणून जे रील फिरतात तो कुठल्याही वैद्यकीय यादीतला आजार नाही. "आधी तीन महिने मोबाइल बंद करून बघू मग जाऊ" असं करू नका, बंदही करा आणि जाही. भाषेचं तर अजिबात मनावर घेऊ नका. गोव्यात कोणतं घर एका भाषेवर चालतं? दोनतीन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही आणि ज्याला आहे त्याचंही त्याने नुकसान होत नाही. तुम्हाला लाडाने, रागाने, झोपेत जी भाषा येते तीच त्याच्याशी बोला, थेरपीसाठी म्हणून घरात मोडकंतोडकं इंग्लिश सुरू करू नका. लसीमुळे होतं असंही कोणी सांगेल, ज्या १९९८ च्या लेखावरून ते उठलं तो लेख त्याच नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, तेव्हा राहिलेल्या लसी द्या. आणि देवाला गाऱ्हाणं घातलंत, घाड्याकडे गेलात, त्यात मी काही बोलणार नाही, आईचा जीव आहे. फक्त कोणी त्याला काही खायला प्यायला दिलं, धुरी दिली, डाग दिला तर ते होऊ देऊ नका, आणि देवाचा कौल मिळाला नाही म्हणून अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका.

शाळेची भीती मला पत्रात सगळ्यात जास्त दिसली, म्हणून नीट सांगते. दोन कागद वेगवेगळे असतात आणि लोक ते एकच समजतात. एक, डॉक्टरांचा रिपोर्ट. तो तुमचा आहे, कपाटात ठेवा, कुणाला दाखवायचा ते तुम्ही ठरवा, तो आपोआप कुठे जात नाही. दुसरं, दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. ते तुम्ही स्वतः ऑनलाइन अर्ज केलात तर मिळतं, मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं, आणि कायद्यातल्या बऱ्याच सवलतींना चाळीस टक्के किंवा जास्त लागतात. लहान वयातलं सर्टिफिकेट बहुतेक वेळा मुदतीचं असतं, पुढे परत तपासतात, तेव्हा कायमचा शिक्का बसला असं नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, ऑटिझम त्यात नाव घेऊन आहे. सरकारी, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता घ्यायचं असतं आणि चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कोणी तोंडावर नाही म्हटलं तर लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याच शाळांचा सूर बदलतो, नाहीच बदलला तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते. पैशाची मदत म्हणाल तर गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत दिव्यांगांचा समावेश आहे, अटी समाजकल्याण खात्यात विचारून घ्या, आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय विमा ऑटिझमसाठी एक लाखापर्यंत मिळतो, थेरपीचा खर्चही त्यात धरतात. हे सगळं नाव कागदावर आल्याशिवाय मिळत नाही, म्हणून त्या नावाला इतकं घाबरू नका. नाव नसलं तरी झांजांनी त्याचे कान दुखणारच आहेत, फक्त मग लोक त्याला हट्टी म्हणतील आणि तुम्हाला लाडावणारी.

नंबर लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. झाकणं फिरवतो ना, त्याच्यासमोर जमिनीवर बसा, तोंड त्याच्या तोंडाच्या पातळीवर आणा आणि तुम्ही पण एक झाकण फिरवा. "फिरलं फिरलं, पडलं!" एवढंच बोला. मग तुमचं झाकण हातात धरून थांबा. मनात दहा मोजा. त्याने नुसतं वर बघितलं तरी लगेच फिरवा, हसा. बोल बोल, आई म्हण, म्हणून मागे लागू नका, त्याने मुलं आणखी मिटतात. फ्रीजकडे हात ओढून नेला की दार उघडायच्या आधी त्याचं बोट धरून दुधाकडे दाखवा, "दूध" म्हणा, मग द्या. दिवसातून थोडा थोडा वेळ, रोज. निदान काहीही निघालं तरी याने तोटा नाही. आणि हे करताना सासूबाईंनाही बाजूला बसवा, त्यांना नातवाशी खेळायला शब्द लागणार नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं की अर्धं घर तुमच्या बाजूने होईल.

रात्री गूगल बंद. फारच जीव घाबरला तर मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, रात्रीही कोणीतरी बोलायला असतं, आणि तो तुमच्यासाठीही आहे, मुलासाठीच नाही.

प्रश्न: माझ्या भाच्याला ऑटिझमचं निदान झालंय, वय पाच. बाहेरच्या एका क्लिनिकने स्टेम सेल थेरपी (मूळ पेशींचे उपचार) सांगितलीय, काही लाख खर्च. बहीण दागिने मोडायला निघालीय. करू द्यावं का?
– एक मामा, मडगाव

उत्तर: नाही. आजच बहिणीकडे जा आणि थांबवा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस नाही. शरीरातला जडधातू काढतो म्हणून औषधं, ऑक्सिजनच्या बंद खोलीत बसवणं, हे सगळं त्याच पंगतीतलं, त्यातल्या काहींनी तर मुलांच्या जिवाला धोका होतो. क्लिनिकला एवढंच विचारा, काय बदलेल आणि ते कसं मोजणार, हे लेखी द्याल का. तेवढ्या पैशात भाच्याला कितीतरी काळ चांगली स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी होईल आणि दागिनेही राहतील.

प्रश्न: मुलगी मराठी माध्यमात चौथीत, नऊ वर्षांची. तोंडी सगळं येतं, गोष्ट सांगेल ती मीठमिरची लावून, पण वाचताना अडते, जोडाक्षरं गाळते, लिहिताना काना-मात्रा उलटसुलट. शाळेत म्हणतात आळशी आहे, पाचवीत गेली की सुधारेल. सुधारेल का?
– एक बाबा, फोंडा

उत्तर: पाचवीत इंग्लिश माध्यम सुरू होणार ना, मग सुधारण्याऐवजी अडचण झाकली जाईल आणि सगळे म्हणतील इंग्लिश नवीन आहे म्हणून जमत नाही. तुम्ही लिहिलंय ते डिस्लेक्सियासारखं वाटतं, म्हणजे स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी. हीसुद्धा दिव्यांगजन कायद्यातल्या त्या एकवीस प्रकारांत आहे आणि हिचं सर्टिफिकेट आठ वर्षांनंतरच देतात, म्हणजे तुमची मुलगी आत्ता बरोबर वयात आहे. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. तिथे दोन गोष्टी बघतात, बुद्धी किती आणि वाचन-लेखन-गणित कुठल्या इयत्तेचं. बुद्धी नीट आणि वाचन दोन इयत्ता मागे असं काही निघालं की कोडं सुटतं. एक आग्रह धरा, वाचनाची तपासणी मराठीत व्हायला हवी. चार वर्षं ती ज्या भाषेत शिकली त्यातच अडते की नाही ते कळायला हवं, इंग्लिश उतारा देऊन तिला तपासलं तर त्या रिपोर्टला काही अर्थ नाही. म्हणून हे काम या शालेय वर्षातच उरका. जाताना तिच्या वह्या न्या, पहिलीपासूनच्या असतील तर सगळ्या, सुधारून लिहिलेल्या फेअर वह्या नकोत, खाडाखोडीच्या न्या. सर्टिफिकेट मिळालं की परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात, पण खरं काम स्पेशल एज्युकेटरसोबत, म्हणजे अशा मुलांच्या खास शिक्षकासोबत रोज थोडं थोडं वाचण्याचं आहे, ते सर्टिफिकेटची वाट न बघता सुरू करा. आणि वर्गशिक्षिकेला एकदा भेटून सांगा की तिला सगळ्यांसमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका, गोष्ट सांगायला लावा.